पायाकडून आलेली बाज

संगीताचे पाय पुढे होते, म्हणून जीप निघून गेली.

आम्ही नाल्याच्या मधोमध होतो. पाणी छातीला लागत होतं. बाजेवर माझी सून संगीता कळा देत होती. बाजेचे पुढचे दोन खूर माझा दीर देवराव आणि शेजारचा बंडू यांच्या खांद्यावर, मागचे माझ्या मुलानं, राजूनं, आणि मी धरलेले. पलीकडच्या काठावर सवारीची काळी-पिवळी जीप उभी होती. तिचा ड्रायव्हर गजू बोनेटला टेकून आमची वाट पाहत होता. त्यानं बाजेकडे पाहिलं आणि सरळ उभा राहिला. हात जोडले. मग गाडीत बसून गाडी वळवली. काठावरच्या दोघा-तिघांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

आमच्या गावात जिवंत माणसाला बाजेवर न्यायचं तर डोकं पुढे असतं. पाय पुढे फक्त मयताचे. ही रीत सगळ्यांची आहे, नाल्याच्या अलीकडची आणि पलीकडची. आमच्या बौद्ध वस्तीनं देव सोडले, उपास सोडले, पण ही रीत सोडायची राहून गेली. त्या दिवशी आमच्याकडचा काठ चिखलानं घसरडा झाला होता. उतारावर डोकं खाली गेलं तर बाळंतिणीला त्रास होईल म्हणून देवरावनं बाज पायाकडून उतरवली. पाण्यात गेल्यावर फिरवू म्हणाला. पाण्यात गेल्यावर फिरवणं कोणाच्या हातात होतं?

"अबे गज्या, जित्ती आहे ना बे!" देवराव ओरडला. पाण्याच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू आलं नसेल.

संगीतानं बाजेवरून मान उचलली, एक हात वर केला आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "मी जित्ती आहो! मले कोनी मारलं बे?"

जीप वळणावर दिसेनाशी झाली. गजूला मी शिव्या दिल्या. आता देत नाही. गाडीत मयत घातलं की गाडी धुवावी लागते आणि पुढे कित्येक दिवस सवारी बसायला तयार होत नाही, हे त्याचं पोट सांगत होतं. त्यानं रीत पाहिली. माणूस पाहिला नाही.

काठावर पोहोचल्यावर टोपीवाल्यांना कळलं. एक जण ट्रॅक्टर आणायला पळाला. ट्रॅक्टर येईपर्यंत बाभळीखाली संगीता बाळंत झाली. मुलगा होता. थोडा वेळ श्वास घेतला त्यानं, मग थांबला. राळेगावच्या दवाखान्यात आम्ही तिला ट्रॉलीत घालून नेलं.

संध्याकाळी तिचा भाऊ कळंबहून दवाखान्यात आला. गावातून कोणीतरी त्याला फोनवर कळवलं होतं की तुझी बहीण गेली, दवाखान्यात नेली आहे. आमच्यात लेक गेली की तिला माहेरची पांढरी साडी नेसवतात, म्हणून तो ती घेऊन आला होता. दारात आला तर बहीण खाटेवर बसून चहा पीत होती. तो साडीची पिशवी पाठीमागे लपवायला लागला. संगीता म्हणाली, "आणली ना आता, दे इकडं. मी नेसल्याबिगर नाही मरत." ती तेव्हा रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही.

नाला काही नवा नाही. माझं माहेरही याच वस्तीतलं; माझ्या बापाच्या बापाला गावानं नाल्याच्या आमच्या काठावर बसवलं. शाळा पलीकडे, दुकान पलीकडे, पंचायत पलीकडे, डांबरी सडक पलीकडे. मी लहान असताना पावसाळा आला की आमची शाळा सुटायची, ती दसऱ्याला भरायची. म्हणून माझं शिक्षण चौथीच्या पुढे गेलं नाही. माझी आई एकच वाक्य म्हणायची, "पानी उतरंल, मंग पाहू." ताप आला, पानी उतरंल मंग पाहू. दळण संपलं, पानी उतरंल मंग पाहू. सगळी वस्ती हेच म्हणायची, आणि पाणी उतरलं की कोणी काही पाहायचं नाही. साहेब लोकही मे महिन्यात यायचे. कोरड्या रेतीत बूट घालून उभे राहायचे आणि म्हणायचे, इथे तर पाणीच नाही, पूल कशाला पाहिजे? पूल झाला तो वरच्या अंगाला, मोठ्या शेतकऱ्यांच्या संत्र्याच्या बागांकडे जाणारा. संत्री नाजूक असतात, धक्का सोसत नाहीत.

संगीता बरी झाल्यावर एक दिवस चुलीपुढे म्हणाली, "आत्याबाई, मी दुसऱ्यांदा या नाल्यातून नाही जाणार. जिवंतपनी तर नाहीच." राजूच्या मित्रानं पुण्याला बोलावलं होतं. आम्ही कापूस वेचून झाल्यावर निघालो. नाला तेव्हा कोरडा होता. ट्रंक डोक्यावर घेऊन मी रेतीतून चालत पलीकडे गेले. एवढं सोपं चालणं होतं, याचा मला राग आला. देवराव सडकेपर्यंत सोडायला आला. "वहिनी, जाऊन कायले राह्यली तू? या वयात?" मी म्हटलं, "पानी उतरलं ना, म्हनून." एस.टी. आली, आम्ही चढलो. मागे वळून पाहिलं वगैरे काही नाही. खिडकीची काच इतकी मळकी होती की दिसलंही नसतं.

पुण्यात आम्ही वाघोलीच्या बाजूला एका खोलीत राहतो. राजू गोदामात शिफ्टवर जातो. मी आणि संगीता सोसायटीत पोळ्या करायला जातो. ज्याच्याखाली पाणी नाही असा पूल मी पहिल्यांदा इथेच पाहिला. सडकेवरून सडक नेतात, कारण लोकांना सिग्नलला थांबायचा कंटाळा येतो. मी रिक्षात बसून त्या पुलावरून जाते तेव्हा दर वेळी तेच मनात येतं. म्हणजे सिमेंट आहे, लोखंड आहे, इंजिनेरही आहेत.

इथे सगळं चांगलं आहे असं समजू नका. सोसायटीत आमच्यासाठी वेगळी लिफ्ट आहे. कचऱ्याची बादली, कुत्रं आणि आम्ही. पहिल्या दिवशी मी चुकून दुसरीत चढले तर वॉचमन धावत आला. मी त्याला विचारलं, "काहून बा, हे काय वर नाही जात का?" मी 'का'ला 'काहून' म्हणते यावरच तो हसत बसला. माझ्या नातीचा जन्म मात्र इथल्या दवाखान्यात झाला. रिक्षा दारात आली, संगीता चालत जाऊन बसली. बसताना डोकं पुढे की पाय पुढे, याचा कोणी विचार केला नाही. मी केला.

वस्तीतले लोक म्हणाले, गेली म्हातारी, सुटली. आमच्यासारखे जे पुण्याला, नागपूरला, सुरतेला गेले तेही म्हणाले, आता त्या गावाशी काय देणंघेणं. दोघांनाही मी सांगते, मी मतदान अजून तिथेच करते, आणि दर पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला जाते. भर पावसाळ्यातली सभा ती एकच. सरपंच बाई आहे, पण खुर्चीवर तिचा नवरा बसतो. मी प्रश्न बाईला विचारते, उत्तर बुवा देतो. "काकू, तुम्ही तं पुन्याले राह्यता. तुमाले पूल कायले पाह्यजे?" आणि मग कोरम नाही म्हणून सभा तहकूब. आमच्या गावात ग्रामसभेला कधी कोरम भरत नाही.

मागच्या वर्षी एस.टी.त बसल्या बसल्या संगीता म्हणाली, "आत्याबाई, सभेले लोक येत नाही. मयताले येते."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं पिशवीतून साडी काढून दाखवली, भावानं आणलेली पांढरी. आमच्यात पांढरी साडी वंदनेलाही नेसतात, त्यामुळे कोणाला काही वाटणार नव्हतं. मला मात्र सगळं कळलं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर मी देवरावच्या अंगणात बाजेवर आडवी झाले. पाणी कमरेइतकं होतं. देवराव कुरकुरला, "वहिनी, अपशकुन करून राह्यली तू." मी म्हटलं, "उचल. पायाकडून." बाजेचा एक खूर गजूनं धरला. त्याला देवरावनं सांगितलं होतं. तो पलीकडून पाण्यातून चालत आला होता.

पाण्यातून जाताना मी डोळे मिटून पडले. पाठीखाली बाजेचा सुंभ भिजत होता. संगीता बाजेच्या बाजूनं त्या साडीत चालत होती. पलीकडे हाक गेली, म्हातारी गेली, पुन्याहून आली अन् गेली. दुकानं बंद झाली. बाया डोक्यावर पदर घेऊन आल्या. पाटलाच्या घरचे आले, जे कधी आमच्या वस्तीतल्या कोणाच्या लग्नाला आले नव्हते. बाज थेट पंचायतीसमोर नेऊन ठेवली. कोणीतरी म्हणालं, "तोंडाची फटकळ होती, पन मनाची चांगली होती."

मी उठून बसले. "मन कोनी पाह्यलं माहं?"

एक बाई किंचाळली. संगीता म्हणाली, "भरला का कोरम? आता बसा सगळे."

सरपंचबाईचा नवरा तावातावानं पुढे आला. "हे काय नाटक चालवलं? लाज नाही वाटत, जित्त्या मानसानं असं..." आणि तेवढ्यात ती बाई, जिचा आवाज मी तोपर्यंत ऐकला नव्हता, मागून म्हणाली, "तुमी चूप बसा जी." नंतर मला कळलं, संगीताला बाजेवरून आणली त्याच महिन्यात तीही बाळंत झाली होती. तिच्या दारात गाडी आली होती. ती बाजेजवळ आली, ओल्या सुंभावर हात ठेवला आणि म्हणाली, "ठराव लिहा. जागा पाह्याले साहेब आत्ता आले पाह्यजे, पानी असताना." पाटलाच्या घरच्यांनीही हात वर केले. मयताला आलेला माणूस वाद घालत नाही.

साहेब पाण्यात आला. एकदाच आला, पण आला. त्याचे बूट भिजले. आता नाल्यात खांब उभे आहेत. वरचं काम थांबलं आहे, आधी सांगितलं सिमेंट नाही, मग सांगितलं ठेकेदार बदलला. मी पुन्हा जाणार आहे. संगीताही येणार आहे. या वेळी नातही येते म्हणते. तिला वाटतं नाला म्हणजे गटार, पुण्यात त्यालाच नाला म्हणतात. तिला खरा दाखवायचा आहे.

सोसायटीतल्या बाया मला विचारतात, आता घर कुठलं तुमचं, इथलं की तिकडचं? जिथे खोलीचं भाडं देते ते राहायचं ठिकाण. जिथे आपली शेवटची बाज न्यायची, ते घर. राजूला मी सांगून ठेवलं आहे. मी गेले की मला वस्तीतच न्यायचं. रीतीनं न्या, पाय पुढे करूनच न्या, पण पुलावरून. पूल होईपर्यंत मी मरत नाही.

संगीताला नाल्यातून आणलं त्या दिवशी बाजेवर दोन जीव होते. बाळ गेलं. संगीता जगली.