सालीत बुडवलेलं शीड

कल्याणच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानापुढून जाताना ऐनाच्या झाडाच्या सालीचा तुरट वास आला आणि माझे पाय तिथेच थांबले.

ठाण्याच्या खाडीवरची ती सकाळ, नव्वदच्या आसपासची. वयाच्या अटीमुळे डिंगीच्या, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीच्या, शर्यतीत उतरायची माझी ती शेवटची संधी होती. आदल्या दिवशी बाबाने माझं नवं, पांढरं सुती शीड ऐनाच्या सालीच्या उकळत्या पाण्यात बुडवलं. आम्हा कोळ्यांच्यात कोरं शीड खाडीत नेत नाहीत, खारं पाणी ते कुजवतं. शीड गडद विटकरी झालं आणि त्यावरचा शर्यतीचा काळा नंबर त्यातच विरून गेला.

शर्यतीआधी शिडं मोजून तपासणाऱ्या साहेबांनी टेप लावली. "माप बरोबर आहे," ते म्हणाले, "पण नंबर लांबून वाचता आला पाहिजे. असं नाही सोडता येणार."

"साहेब, पोरीला जाऊ द्या हो!" बाबाने हात जोडले. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा बाबाने कमरेची तंबाखूची डबी काढली आणि तो बोटाने शिडावर चुना ओढत आकडे गिरवायला लागला. शीड अजून ओलं होतं, चुना ओघळत होता. तो पुसायचा, पुन्हा गिरवायचा.

भोंगा वाजला. डिंग्या सुटल्या.

"बाबा, पुरे कर! गेल्या त्या!" मी किंचाळले.

त्याने वर पाहिलंच नाही. शीड चाचपत पुटपुटला, "साल मस्त बसलीय गं बाय. कधी कुजायचं नाय."

त्या क्षणी मला त्याचं तोंडही बघवेना. आज बाबा नाही. माळ्यावर ते शीड अजून घडी करून ठेवलंय, आणि ते खरंच कुजलेलं नाही.