वॉल्टरकाकांचे पाच स्टार

“सुनीता, हे मोठ्यानं वाच. सगळ्यांना ऐकू दे,” म्हणत ग्रेगनं माझ्या टेबलावर प्रिंटआउट ठेवला. आमच्या वेबसाइटवर एका रायफलमालकाचा रिव्ह्यू आला होता. मी वाचला.

“रायफलमध्ये काही खोट नाही. नेम चुकला तो माझा. माझेच हात गेलेत आता. दिवसभर खांद्यावर असली तरी जाणवत नाही, इतकी सुरेख हलकी आहे. पाच स्टार. वॉल्टर.”

“याला म्हणतात कस्टमर!” ग्रेग खूश. “बाकीचे नुसते रडतात.”

ग्रेग आमचा प्रॉडक्ट मॅनेजर. मी क्वालिटी इंजिनिअर. इकडे परदेशात, ग्वेल्फ गावाबाहेर आमची छोटी कंपनी होती, शिकारीच्या रायफली बनवायची. मी सांगलीची, अंडंसुद्धा न खाणारी. सासूबाईंना आम्ही ‘स्पोर्ट्स गुड्स’ एवढंच सांगितलं होतं. पण क्लोज्ड वर्क परमिटवर आलेल्या माणसाला नोकरी निवडायची चैन नसते. परमिटवर ज्या कंपनीचं नाव, तिथंच काम करायचं, आणि पीआर, म्हणजे इथं कायम राहायची परवानगी, मिळेपर्यंत तोंड बंद ठेवायचं.

त्या वर्षी आम्ही एक फार हलकी रायफल काढली होती. इथले शिकारी हरणामागे दिवसदिवस जंगल तुडवतात, त्यामुळे वजन कमी म्हणजे मोठंच सुख. पण हलकी रायफल गोळी सुटताना खांद्याला जोरात धक्का देते. तिची बॅरल, म्हणजे नळी, बारीक असल्यामुळे चटकन तापते. हे ठाऊक असलेले मालक तक्रार करत नव्हते. उलट, “हातात घेतली की आपलीच वाटते,” असं लिहीत होते. काही जण मात्र म्हणत होते की नळी थंड असतानाही गोळी भलतीकडे जाते. कधी जाते, कधी नाही.

या तक्रारींवर ग्रेगचं औषध ठरलेलं होतं. ‘शूटर एरर’. म्हणजे चूक चालवणाऱ्याची. कारण आमची प्रत्येक रायफल फॅक्टरीत टेस्ट व्हायची. एका जड लोखंडी चौकटीत तिला मधोमध घट्ट आवळायचं आणि गोळ्या झाडायच्या. सगळी भोकं नाण्याएवढ्या जागेत. मग माणूसच चुकला ना!

मला तो रिव्ह्यू खटकला. वस्तू विकत घेतलेला माणूस इतक्या सहज स्वतःवर खापर फोडत नाही. रिव्ह्यूंना उत्तर देणं माझंच काम होतं. मी फोन लावला.

वॉल्टर उत्तरेला, सडबरी शहराच्याही वर, एका तळ्याकाठी राहायचे. सत्तरीचे. मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणायला लागले. हार्टचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी जड उचलायला बंदी केलेली. म्हणून आमची रायफल घेतली.

“हरीण अगदी समोर उभं होतं गं,” ते म्हणाले. “मी लहानपणापासून तेवढ्या अंतरावरून चुकलो नाही. या वेळी गोळी पोटात लागली. ते पळालं. मी आणि भाऊ अंधार पडेपर्यंत रक्ताच्या मागावर फिरलो. पुढं दलदल. सापडलं नाही.”

जखमी जनावर तसंच जंगलात तडफडत सोडणं, यापेक्षा मोठी लाज शिकाऱ्याला नसते, हे मला तेव्हा कळलं.

“भावाला सांगितलं, पुढच्या वर्षीपासून तू एकटा जा. माझा भरवसा नाही.”

“तुम्ही रायफल धरली कशी होती?” मी विचारलं.

“ऑपरेशनपासून हात थरथरतो. म्हणून पट्टा कोपराला करकचून गुंडाळला आणि रायफलचा पुढचा भाग ओंडक्यावर दाबला.”

फोन ठेवला आणि मी सरळ टेस्ट रूममध्ये गेले. रायफलची बॅरल पुढच्या बाजूला दस्त्याला, म्हणजे ती ज्यावर बसवलेली असते त्या हातात धरायच्या भागाला, टेकता कामा नये. मध्ये फट लागते, नाहीतर गोळी ढकलली जाते. ती फट तपासायची पद्धत साधी आहे, कागदाची पट्टी मधून सरकवायची. मी पट्टी घातली. सुळकन गेली. मग रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून, वॉल्टरकाकांसारखी, वरून दाबली. पट्टी अडकली. ओढली तर फाटली.

वजन आणखी थोडं कमी दिसावं म्हणून सेल्सच्या हट्टापायी दस्ता पुढून पोकळ केलेला होता. दाबला की तो वाकून बॅरलला टेकत होता. आमची लोखंडी चौकट रायफल मधोमध धरायची. पुढच्या भागाला फॅक्टरीत कुणी हातच लावत नव्हतं! जंगलात मात्र प्रत्येक जण तिथंच धरतो. पिशवीवर दाबून गोळ्या झाडल्या तेव्हा भोकं वीतभर बाजूला गेली.

ग्रेगला समोर उभं करून दाखवलं. त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच.

“गुड कॅच. नवीन दस्ता जाड करू.”

“आणि ज्यांनी घेतलीय त्यांचं काय? वॉल्टरना मी आज फोन करते.”

“नो, नो. लीगल डिपार्टमेंट सगळ्यांना एकदमच कळवेल. तू एकटीनं काही बोललीस तर गुंता होईल.” मग अगदी गोड आवाजात, “तुझ्या पीआरचं कुठवर आलंय?”

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण विश्वासही ठेवला, कारण लीगलबरोबर मीटिंग झालेली मी पाहिली होती. उन्हाळाभर विचारत राहिले. “ड्राफ्ट होतंय,” “रिव्ह्यूत आहे,” “नेक्स्ट वीक.” फॉल, म्हणजे पानगळ आली, शिकारीचा सीझन आला आणि गेला. कुणालाही काही कळवलं नाही. तोंडाला पानं पुसली मेल्यांनी.

मग नव्या मॉडेलचं ब्रोशर आलं. जाड दस्ता. ‘तुम्ही सांगितलंत, आम्ही ऐकलं,’ असं मथळ्यात. आणि खाली, ठळक अक्षरात, वॉल्टरकाकांचं वाक्य: “रायफलमध्ये काही खोट नाही.”

डोक्यात अशी तिडीक गेली की जॅकेटसुद्धा न घालता मी पार्किंग लॉटमध्ये गेले, गाडीत बसून त्यांना फोन केला.

“ती रायफल अजून आहे तुमच्याकडे?”

“आहे. बाकीच्या विकल्या. ही कुणी घेईना.”

मी त्यांना कागदाची पट्टी घालायला सांगितली. मग दाबायला सांगितलं. पलीकडे टेबलाचा आवाज आला. खुर्ची सरकल्याचा आला. मग कागद फाटल्याचा.

“म्हणजे मी नव्हतो,” ते म्हणाले.

“नाही हो. तुमचा हात नव्हता. आमची चूक होती.”

मला वाटलं, ओरडतील. शिव्या देतील. ऐकायची माझी तयारी होती. ते अगदी हळू आवाजात बोलले.

“गेल्या महिन्यात डॉक्टरांनी जंगलात पाय ठेवायचीच बंदी केली. एक सीझन उरला होता गं माझ्यात. तो मी खिडकीत बसून घालवला. भाऊ बोलवायला आला होता. मी म्हटलं, नको, माझ्या हातून आणखी एक जनावर वाया जाईल.”

सॉरी म्हटलं. किती पोकळ शब्द आहे तो!

“तेवढं माझं नाव काढा त्या जाहिरातीतून,” ते म्हणाले.

तडक ग्रेगकडे गेले. फोन केल्याचंही सांगून टाकलं. तो म्हणाला, “रिव्ह्यू टाकताना टर्म्स अ‍ॅक्सेप्ट केल्यात त्यांनी. शब्द आता आपले आहेत.” वर हेही म्हणाला की माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे रिन्यू होणार नाही. झालंच नाही. पीआर माझा त्यानंतर आला, मिलिंदच्या, माझ्या नवऱ्याच्या, नोकरीवर.

आता मी नॉर्थ यॉर्कला हॉस्पिटलच्या खाटांचे कठडे टेस्ट करते. मशीनची टेस्ट पास झाली की मी स्वतः कठडा धरून, अंगाचा भार टाकून उठून बघते. ज्युनिअर हसतात. हसू देत.

त्यांना मी एवढंच शिकवते. शिव्या घालणाऱ्या कस्टमरला फोन सगळेच करतात. जो लिहितो की वस्तू चांगली आहे, चूक माझीच, त्याला आधी करा. आणि त्याच दिवशी करा, कुणाच्या परवानगीची वाट न बघता.

रिव्ह्यू अजून साइटवर आहे. सगळ्यात वर. “माझेच हात गेलेत आता. पाच स्टार.”