वॉल्टरकाकांच्या रायफलीची उजवी बाजू

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. एका छताखाली राहून सहा वर्षं तिच्यापासून लपवलंय, आणि आता तुम्हाला सांगायला बसलोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मला एक विचित्र नाद आहे – कापलेल्या रायफली जमवायचा. पूर्वी लष्करात नव्या सैनिकांना आतली यंत्रणा दिसावी म्हणून एखाद्या रायफलीची एक बाजू कापून काढत आणि कापलेल्या कडा लाल रंगवत. चाप ओढला की स्प्रिंग कशी सुटते, पिन कुठे आदळते, सगळं उघडं दिसतं. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माझ्यासारख्याला त्यात एवढं काय? मलाही नीट सांगता येत नाही. अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या आमच्या घरात, बेसमेंटच्या भिंतीवर अशा नऊ होत्या. पाहुणे खाली फार वेळ थांबत नसत.

वॉल्टरकाका शेजारी राहायचे. एकटे, ऐंशीच्या पुढचे. बायको त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही. घर विकून जवळच मुलीकडे जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी थोरल्या भावाची रायफल माझ्या हातात दिली. भाऊ युद्धावरून परतला तो ती घेऊनच, आणि नंतर घरात कुणाशी धड बोलला नाही. बोलला असेल तर तिच्याशीच, असं काका म्हणाले. मग माझ्या भिंतीकडे बघत त्यांनी एकच अट घातली – हिला कापायचं नाही.

मी त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला. आणि तीन आठवड्यांत कापली.

कारण? त्या मॉडेलची कापलेली रायफल माझ्याकडे नव्हती, हे एक. पण खरं सांगू – मला आत बघायचं होतं. तो माणूस इतकी वर्षं कुणाशी बोलत होता? गॅरेजमध्ये कटर लावला तेव्हा लाकडातून केस जळल्यासारखा वास आला. थांबलो का मी? नाही. आत काय असणार? स्प्रिंग, पिन, काळं पडलेलं तेल. मी कडा लाल रंगवून टाकल्या.

दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आपण हत्यारं-अवजारं पुजतो. आमच्याकडे पाटावर लॅपटॉप, विळी, सुऱ्या आणि माझ्या एकदोन रायफली असतात.

"अरे, वॉल्टरकाकांची पण ठेव ना यार, मी त्यांना इन्व्हाइट केलंय!" बायको म्हणाली.

मी ठेवली. कापलेली उजवी बाजू खाली, वरून झेंडूची फुलं.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. बायकोने त्यांना कुंकू लावलं. भावाची रायफल फुलांत बघून त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी विचारलं, जरा हातात घेऊ का? मी म्हणालो, आमच्यात पूजेतली वस्तू उद्यापर्यंत हलवत नाहीत. पद्धत खरीच आहे हो. म्हणून तर खोटं इतकं सहज निघालं.

त्यांनी मान डोलावली. कष्टाने खाली बसले, लाकडावरून हात फिरवला आणि बोटं हळूच खाली सरकवली. ती तिथेच थांबली. आत खट् असा आवाज झाला – मी ऐकला. बायकोने मानही वर केली नाही.

हात बाहेर आला तेव्हा बोटाला लाल लागलं होतं. रंग वाळला नव्हता. काकांनी बोट नाकाशी नेलं. चाळीस वर्षं घरं रंगवलेला माणूस तो, त्याला वास कळणार नाही? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला चाललं असतं. नव्हता. त्यांनी ते बोट कुंकवावरूनच कपाळावर आडवं ओढलं, बायकोला थँक्यू म्हटलं आणि निघून गेले.

चार दिवसांनी ते मुलीच्या घरी वारले. अंत्यदर्शनाला मी एकटाच गेलो. शवपेटी उघडी होती. कुंकू गेलं होतं. तो लाल पट्टा मात्र तसाच होता. मुलगी म्हणाली, बाबांनी तो कुणाला पुसू दिला नाही. तुमच्या घरून आणलाय म्हणायचे, म्हणून आम्हीही राहू दिला. मग हळूच विचारलं, तुमच्यात हा आशीर्वाद असतो का?

मी हो म्हणालो. तिने माझे आभार मानले, आणि मी ते घेतले.