बावीस नंबरची खोली स्वच्छ कशी झाली

तुम्ही हॉटेलात उतरता. सकाळी पांघरूण लाथेनं उडवून फिरायला जाता आणि परत येता तेव्हा पलंगावर एक सुरकुती नसते. ती सुरकुती कोण काढतं, असं कधी स्वतःला विचारलंय का? खरं सांगा. नाही ना? मला ठाऊकच होतं. मग आता ऐकून घ्या. जी बाई बावीस वर्षं ती सुरकुती काढत आली, ती सध्या कोर्टाच्या बाकावर बसते. एका पाहुण्याचं मनगट मोडलं, असा तिच्यावर आरोप आहे.

मनगट तिनंच मोडलंय. त्यात खोटं काही नाही. खोटं आहे ते बाकीचं.

गाव समुद्रकाठचं, पैसेवाल्यांचं. उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. थंडीत गर्दी ओसरते आणि मग शांतता शोधणारी माणसं येतात, दोन दिवस, फार तर तीन. लोकरी टोप्या, केस विंचरलेले कुत्रे, हातात हात. बाहेर कान कापून नेईल असा वारा, आणि ही मंडळी काचेमागं बसून कॉफी पीत राखाडी पाण्याकडं बघतात. बघोत बापडी. समुद्र कुणाच्या बापाचा नाही. पण समुद्रावरून उडून येणारं मीठ रोज त्या काचांवर बसतं आणि ते रोज कुणीतरी पुसतं.

त्या हॉटेलात सगळे तिला घडीमावशी म्हणतात. वय बावन्न. चादरीचा कोपरा अशी दुमडते की पाकिटाची घडी वाटावी. दुसऱ्या मजल्यावरच्या चौदा खोल्या तिच्याकडं. कामाचा नियम एकच, आणि तो तिच्या हाडात मुरलाय: दारावर तीनदा टकटक करायची, "खोली आवरायची आहे" म्हणायचं, दहापर्यंत मोजायचं, मगच किल्ली लावायची. तिची मुलगी चेष्टा करते, "आई घरातलं कपाट उघडतानासुद्धा आधी टकटक करते. आत कपडे नागडे असतील म्हणून!"

मावशीचा डावा कान ऐकत नाही. तो नवऱ्यानं घालवला. नवरा गोदीत वेल्डर, हात जड. एका थपडेत कानाचा पडदा गेला, एकदा पट्ट्याच्या बकलानं भुवई फाटली, एकदा त्यानं तिला जिन्यावरून ढकललं आणि खाली येऊन विचारलं, "चहा टाकतेस ना?" सात वर्षं. आठव्या वर्षी तिनं उकळती किटली त्याच्या मांडीवर ओतली, मुलीला काखोटीला मारलं आणि निघाली. मागं वळून बघितलं नाही. त्या सात वर्षांतून तिनं एक विद्या सोबत आणली. रक्त गार पाण्यानं धुवायचं. गरम पाणी लावलंत की डाग पक्का बसतो, मग तो बापजन्मात निघत नाही.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी बावीस नंबरमध्ये एक जोडपं आलं. तो उंच, आवाज मऊ, दार आधी बायकोसाठी उघडणारा, सामान उचलणाऱ्यालाही "आभारी आहे" म्हणणारा. मॅनेजर खूश. म्हणाला, "असे पाहुणे हवेत, शिकलेले." बायकोनं हॉटेलच्या उबेतही गळ्याचा रुमाल सोडला नाही.

शनिवारी सकाळी दोघं किनाऱ्यावर गेली आणि मावशी खोलीत शिरली. न्हाणीघरात बेसिनमध्ये पाणी साठवलेलं, त्यात एक टॉवेल बुडवलेला. दुसरा पिळून खिडकीखालच्या हीटरवर घातलेला, डागाची बाजू आत करून. मावशीनं पाण्यात बोट घातलं. बर्फासारखं गार. अशा कडाक्याच्या थंडीत गरम पाण्याचा नळ सोडून गार पाण्यात कुणी टॉवेल भिजवत नाही. ज्याला माहीत आहे तोच भिजवतो. "मला तिचा चेहरा बघावाच लागला नाही," मावशी मला म्हणाली. "टॉवेलानं सगळं सांगितलं."

ती सरळ मॅनेजरकडं गेली.

"साहेब, बावीसमधली बाई मार खातेय."

"तुम्ही पाहिलंत?"

"टॉवेल पाहिला."

"टॉवेल!" मॅनेजर हसला. "मावशी, आता टॉवेल बघून भविष्य सांगायला लागलात का? थंडीत नाकातून येतं रक्त माणसाच्या."

"नाक रुमालानं पुसतात. दोन-दोन टॉवेल लागत नाहीत नाकाला."

"हे बघा, पाहुण्याच्या खासगी गोष्टीत आपण पडायचं नाही. दारावर 'त्रास देऊ नका'ची पाटी दिसली की आपण आंधळे. आपण बहिरे."

"एका कानानं आहेच," मावशी म्हणाली आणि ट्रॉली ढकलत वर गेली.

दुपारी तीनच्या सुमाराला ती पाटी बावीसच्या कडीला लटकली. मावशी तेव्हा समोरच्या खोलीतून बाहेर येत होती. तिच्या चांगल्या कानाला पहिल्यांदा खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग काच फुटल्याचा. मग बाईचा आवाज, पण शब्द नाहीत. तोंडात बोळा कोंबल्यावर निघतो तसा.

तेवढ्यात एकवीसचं दार उघडलं. त्या खोलीतही एक जोडपं उतरलेलं होतं. साय रंगाचा स्वेटर घातलेले गृहस्थ अर्धे बाहेर आले.

"अहो मावशी, हे काय चाललंय शेजारी? केव्हापासून आदळआपट चाललीय. मी खाली फोन केलाय. आम्ही दोन दिवस शांततेसाठी आलोय इथं. जरा सांगा ना त्यांना!"

आतून त्यांची बायको म्हणाली, "अहो, या ना आत. दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला कशाला हवंय?"

दार लागलं. आत टीव्ही मोठा झाला.

खालून कुणीही आलं नाही. मावशी पाटीसमोर उभी राहिली. पाटी म्हणजे नोकरी. पाटी ओलांडली की बावीस वर्षं केरात. हातावर पोट असलेल्या बाईला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मग आत ओलं कापड दगडावर आपटावं तसा आवाज आला. तो आवाज कशाचा, हे मावशीला पुरेपूर ठाऊक होतं.

आणि तिनं काय केलं असेल? तीनदा टकटक केली. "खोली आवरायची आहे."

"आत्ता नको," आतून मऊ आवाज आला. "नंतर या, प्लीज."

मावशीनं दहापर्यंत मोजलं. हो, मोजलं! मला हे सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटली. त्या दहा आकड्यांत तिनं आणखी तीन आवाज ऐकले. मग किल्ली फिरवली.

न्हाणीघराचं दार सताड उघडं. बाई टबाच्या काठावर ओणवी, तिचे केस त्याच्या मुठीत. तो तिचं तोंड काठावर आपटत होता, घाई न करता, खिळा ठोकावा तसा. पांढऱ्या फरशीवर रक्त, पेल्याच्या काचा. त्यानं मान वळवून मावशीकडं बघितलं आणि म्हणाला, "पाटी वाचता येत नाही का?"

ट्रॉलीवर फरशी घासायचा लांब दांड्याचा ब्रश होता. पहिला फटका त्याच्या पाठीत बसला. त्यानं बायकोचे केस सोडले आणि मावशीचा गळा धरला. तिचं डोकं चौकटीवर आपटलं, एकदा, दोनदा. गुडघा तिच्या पोटात घातला. ती खाली पडली तेव्हा तळहातात काच घुसली. त्यानं लाथेसाठी पाय उचलला. मावशीनं दांडा त्याच्या पायात आडवा घातला आणि तो गडी तोल जाऊन टबाला धरायला गेला. दुसरा फटका टबावरच्या त्या हातावर. मनगट काडकन वाजलं. तो किंचाळला, गुडघ्यावर आला. तिसरा फटका खांद्यात.

"पहिला तिच्यासाठी," मावशी मला म्हणाली. "दुसरा मारला नसता तर मी मेले असते. तिसऱ्याची गरज नव्हती. तिसरा माझा होता, जुना. कोर्टात सांगू का हे?"

"सांग," मी म्हटलं. "खोटं बोलायला आपण काय पाहुणे आहोत?"

त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. ओठ फाटलेला, पुढचा एक दात अर्धा. मावशीनं तिला उठवायला हात पुढं केला, तर ती पुटपुटली, "तुम्ही जा. होतील ते शांत."

मावशीनं खाली फोन लावला. मॅनेजर धावत आला, खोली बघितली, पांढराफटक पडला. दोघा पाहुण्यांना मागच्या लिफ्टनं आपल्या केबिनमध्ये नेलं आणि जाताना मावशीला बजावलं, "पोलीस येईपर्यंत इथंच थांबा. हलू नका."

इथंच सगळं नासलं. थांब म्हटल्यावर तुम्ही-आम्ही थांबलो असतो. मावशीला रिकामं थांबता येत नाही. चाळीस मिनिटं. समोर उलटीपालटी खोली. तिचा हात रिकामा राहिला की काम शोधतो. आधी तिनं काचा उचलल्या, कुणाच्या पायात जातील म्हणून. मग फरशी. गार पाणी, मीठ, पुन्हा गार पाणी. टबाचा काठ. फरशांमधल्या रेघा जुन्या दातघासणीनं. पलंगाची चादर बदलली, कोपरे दुमडले. खुर्ची सरळ केली. टबाच्या जाळीत तिला दाताचा तुकडा सापडला. तो तिनं कागदात गुंडाळला आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकला. पिशवीची गाठ मारून कचऱ्याच्या नळीतून खाली सोडली. चारला कचऱ्याची गाडी येते. गाडी आली आणि गेली.

पोलीस आले तेव्हा खोलीला साबणाचा वास येत होता.

"इथं मारामारी झाली?" त्यांच्यातला मोठा साहेब म्हणाला. "इथं? अहो, माझ्या घरात एवढी स्वच्छता असती तर बायकोनं मला आत घेतलं नसतं."

बाकीचे हसले. मावशीनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं.

खाली केबिनमध्ये गोष्ट शिजून तयार होती. तो म्हणाला, आम्ही बाहेरून आलो तर ही बाई बॅग उचकटत होती, पकडली तर अंगावर धावून आली. तोंड सुजलेली बायको म्हणाली, "मी न्हाणीघरात घसरले." मॅनेजर म्हणाला, "आमच्याकडं आवाजाची कुठलीही तक्रार आलेली नाही." झाकली मूठ सव्वा लाखाची! मावशीच्या डोक्यावरची खोक, गळ्यावरचे बोटांचे वळ? झटापटीत पाहुण्यानं स्वतःचा बचाव केला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण लहानपणी ऐकली होती. परवा ती कोर्टाच्या बाकावर बसलेली बघितली.

मी मावशीवर फार ओरडले. आमच्या हॉटेल कामगार संघटनेच्या खोलीत, सगळ्यांदेखत. "अगं बाई, पुरावा होता तो! स्वतःच्या हातानं पुसलास?"

ती खाली मान घालून म्हणाली, "ताई, घाण दिसली. मी पुसली. दुसरं काही डोक्यातच आलं नाही."

तिची मुलगी शेजारी बसली होती. रडत हसली. "हिचा खून झाला ना, तरी ही आधी फरशी पुसेल आणि मग मरेल."

तेव्हा माझा राग मावशीवरून उतरला. बावीस वर्षं या बाईच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकली गेली: पाहुण्यानं काहीही केलं तरी खोलीत त्याची खूण उरता कामा नये. ती तेवढंच शिकली आणि पैकीच्या पैकी गुणांनी पास झाली. आता त्याच शिक्षणापायी तिला दोन वर्षं आत जावं लागेल. वकील तसंच म्हणतोय. त्या बायकोला मी दोष देत नाही. ती त्याच घरात परत गेलीय. तिची गोष्ट तिला बोलावीशी वाटेल तेव्हा ती बोलेल, आणि आम्ही इथंच असू.

उरला एकच धागा. एकवीस नंबर. ते जोडपं त्याच दुपारी, पोलीस यायच्या आधी, बॅगा भरून निघून गेलं. नाव-पत्ता मागितला तर हॉटेल म्हणतं, पाहुण्यांची माहिती गुप्त असते. आमच्याकडं साय रंगाच्या स्वेटरापलीकडं काही नाही. म्हणून हा लेख.

तर साहेब, आणि बाईसाहेब, तुम्हीही. तुम्ही वाईट माणसं आहात असं मी म्हणत नाही. तुम्ही दोन दिवस विसावा घ्यायला आला होतात, कटकट नको होती, इतकंच. मावशीच्या बाजूनं बोला, असंही म्हणत नाही. त्या माणसाविरुद्ध एक शब्द बोलू नका. पण त्या शनिवारी दुपारी तुम्ही भिंतीपलीकडून आदळआपट ऐकली आणि खाली फोन केला, ही गोष्ट या जगात मावशीखेरीज फक्त तुम्हाला आणि त्या मॅनेजरला माहीत आहे. मॅनेजर बोलणार नाही. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता सुनावणी आहे. या, आणि "हो, मी फोन केला होता" एवढं एक वाक्य बोलून परत जा. यायला जमत नसेल तर तेच वाक्य कागदावर लिहा, खाली सही करा आणि या मासिकाच्या पत्त्यावर सोमवारच्या आत पोचेल असं पाठवा.