नरसिंहरावांच्या लॅपटॉपची चिप

"१४ मे २०२५, बुधवार. सकाळपासून वीज दोनदा गेली. क्षिप्राच्या मोठ्या संगणकाने इन्व्हर्टर बंद पाडला. उद्या तिची ऑनलाइन परीक्षा."

दुपारीच वहीत एवढं लिहून कुसुमावतीबाई भाडेकरू क्षिप्राच्या मदतीला बसल्या. यजमान नरसिंहराव गेल्यापासून त्यांचा जुना लॅपटॉप कपाटात पडून होता. त्यातला सुटा निघणारा प्रोसेसर, म्हणजे मुख्य चिप, क्षिप्रा तशाच चिपसाठी बनवलेल्या डेस्कटॉपच्या छोट्या बोर्डावर बसवत होती, कारण तो फार कमी विजेवर चालतो. असा दुसरा प्रोसेसर घरात नव्हता.

चिपवर बसणाऱ्या छोट्या पंख्याचा एक स्क्रू पिळायचं काम बाईंकडे होतं. बरणीचं झाकणसुद्धा करकचून लावायची त्यांची सवय. त्यांनी जोर लावला.

"आजी, बस! लॅपटॉपच्या चिपवर पत्र्याचं झाकण नसतं. एकच कोपरा दाबला तर तडकेल, यार!"

"मला यार म्हणतेस?"

"सॉरी. पण हात काढा ना!"

बाईंनी हात मागे घेतला. क्षिप्राने तो स्क्रू सैल केला आणि चारही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे फिरवले. मग इन्व्हर्टरवर चालतो का ते पाहायला घराचा मेन स्विच बंद करून संगणक लावला. पडदा काळाच राहिला. बाईंनी मनात दहा आकडे मोजले. अकराव्याला अक्षरं उमटली.

संध्याकाळी वहीत एक ओळ वाढली: "इन्व्हर्टरवर संगणक आणि खोलीतला पंखा दोन्ही चालले."