मंडळ आभारी आहे

समोरच्या ब्लॉकमधले भाऊ माईक घेऊन उभे राहिले, की मी कुकरखालचा गॅस बंद करायचे. शिट्टीत आपलं नाव बुडालं तर वर्गणी देऊन काय उपयोग? मानपाड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माघी गणपती बसतो. रोज आरती झाली की भाऊ वर्गणीदारांची नावं वाचायचे. नाव, रक्कम, आणि पुढे ठरलेलं वाक्य, "मंडळ आभारी आहे." अकरा रुपये देणाऱ्यालाही तोच आवाज, हजार देणाऱ्यालाही तोच. हजारवाले त्यावरून कुरकुरायचे. ज्यांनी काहीच दिलं नाही त्यांची नावं मात्र भाऊंनी कधी माईकवर घेतली नाहीत. मी म्हणायचे, घ्या एकदा, जिरू दे. तर म्हणायचे, "ताई, माणसाच्या खिशात हात घालावा, इज्जतीत नाही."

माझे ते सख्खे भाऊ नव्हेत. मला भाऊ नाही आणि त्यांना बहीण नाही, म्हणून एका दिवाळीत मी ताट घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले, ते कायमचंच झालं. ओवाळणीत नोट टाकायचे. एमआयडीसीतली त्यांची कंपनी बंद पडली, ते दुसरीकडे कॉन्ट्रॅक्टवर लागले, तरी ओवाळणी कमी झाली नाही. मी परत द्यायला गेले तर दार लावून घेतलं माझ्या तोंडावर. त्यांची बायको मला चेष्टेने वन्सं म्हणते. त्यांना मूलबाळ नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी दाढी करता करता भाऊंचा उजवा हात खाली लोंबला आणि तोंड वाकडं झालं. वहिनीच्या हाकेने मी धावले. जवळच्या दवाखान्यात म्हणाले, ठाण्याला न्या, उशीर करू नका. ठाण्याला म्हणाले, मेंदूत गाठ आहे रक्ताची, ऑपरेशन लागेल, डिपॉझिट भरा. सरकारी योजनेचं विचारलं तर काउंटरवरच्या बाईने मानही वर केली नाही, म्हणाली, या ऑपरेशनला नाही. मला असा संताप आला होता. पण संतापाने डिपॉझिट भरत नाही. वहिनीच्या पाटल्या, माझी एफडी, तिच्या भावाने आणलेले, सगळं घालून ऑपरेशन झालं. पुढे आयसीयूचं बिल रोज चढत होतं, आणि ते भरल्याशिवाय माणूस घरी येणार नव्हता.

मी मंडळाची मीटिंग लावायला लावली. सेक्रेटरी आमच्याच बिल्डिंगमधला, पन्नाशीचा, भाऊंच्या हाताखाली तयार झालेला. तोच आधी बोलला, "यंदा डेकोरेशन नको, ऑर्केस्ट्रा नको. गाव करी ते राव न करी. सगळी वर्गणी भाऊंना." कोणी नाही म्हटलं नाही. हजारवाल्यांनी तर दुप्पट दिले.

हे सांगायला मी ठाण्याला गेले. वहिनीला तिथून बाहेर काढलं आणि खोपटच्या एसटी स्टँडवर चहा पाजला. मला वाटलं ती रडेल. ती कप खाली ठेवून म्हणाली, "वन्सं, घेते मी. न घेऊन काय करू? पण ह्यांना कळता कामा नये. देवासाठी दारोदार फिरलेत हे. स्वतःसाठी झोळी फिरली हे कळलं तर औषधही घेणार नाहीत. मला माहितीये माझा माणूस." मी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला. आल्या आल्या कमिटीला बजावलं, भाऊंना कोणी एक अक्षर सांगायचं नाही. सेक्रेटरी म्हणाला, "ताई, आम्हाला एवढीही अक्कल नाही का?"

भाऊ घरी आले ते खुर्चीतून उचलून. वाचा गेली होती. डॉक्टर म्हणाले, समजत असेल, पण बोलणं येईल की नाही सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी डाव्या हाताचा अंगठा बोटावर घासून वहिनीला विचारलं, पैसे कुठून? ती म्हणाली, कंपनीने दिले. कंपनी कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला चहा देत नाही. पण भाऊंनी डोळे मिटले आणि गोळी घेतली. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. तिला खोटं बोलायची सवय नाही, बोलताना पदर चाळवत राहायची. मी शेजारी बसून मान डोलवायचे.

माघी गणपती बसले. लहान मूर्ती, साधा मांडव. आरतीनंतर मी भाऊंना प्रसादाचा शिरा भरवत होते. मंडळाचा भोंगा दरवर्षी भाऊंच्याच गॅलरीच्या ग्रिलला बांधतात, तिथून आवाज रस्त्यापर्यंत जातो म्हणून. तो खरखरला आणि सेक्रेटरीचा आवाज घरात घुसला. "आपले भाऊ, मंडळाचे जुने कार्यकर्ते, त्यांच्या उपचारासाठी ज्या ज्या देणगीदारांनी सढळ हाताने मदत केली, त्यांची नावे."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. गॅलरीचं दार ओढून घेतलं, काही फरक नाही. ग्रिलमधून ओरडले, अरे बंद कर, मेल्या. भोंग्यापुढे माझं काय चालणार? खाली तो रांगेने वाचत होता, नाव, रक्कम, नाव, रक्कम. वहिनी भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर पदर धरून.

नंतर मी त्याला जिन्यात गाठलं. म्हटलं, तुला शब्द दिलेला कळतो का रे? तर भोळ्यासारखा म्हणाला, "ताई, मी त्यांना कुठे सांगितलं? मी माईकवर बोललो. लोकांनी दिलेत, नाव नको घ्यायला? भाऊंनीच शिकवलंय." खरंच भाऊंनीच शिकवलं होतं.

पण ते नंतरचं. तेव्हा यादी चालूच होती, मी ग्रिलपासून आत वळले तर भाऊंचे ओठ हलत होते. खाली एक नाव झालं, रक्कम झाली, आणि खाटेवरून स्वच्छ आवाज आला, "मंडळ आभारी आहे." तोच जुना आवाज. पुढचं नाव झालं. पुन्हा, "मंडळ आभारी आहे." वहिनी किंचाळलीच, "वन्सं, बोलले हे, बोलले." आणि धावत आत गेली, देवापुढे साखर ठेवायला. मी तिथेच उभी. भाऊंच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानात उतरत होतं. प्रत्येक नावाला ते वाक्य येतच होतं.

डॉक्टरांना आम्ही हे सांगितलं, तर ते म्हणाले, वर्षानुवर्षांची पाठ वाक्यं आपोआप बाहेर येतात, त्याला बोलणं म्हणत नाहीत. हरखून जाऊ नका, पेशंटला अर्थ लागत असेलच असं नाही. वहिनीचा चेहरा पडला. मग तिला तेवढाच आधारही वाटला, म्हणजे यांना काही कळलं नसेल. मी मान डोलवली.

शेवटच्या नावाचं मी डॉक्टरांना सांगितलं नाही. तिलाही नाही, ती तेव्हा देवापुढे होती. यादीत शेवटी माझं नाव होतं. भोंग्यातून नाव आलं, रक्कम आली. भाऊंचं तोंड उघडलं होतं, वाक्य ओठावर होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं.