घाटातला ठोका

"श्श. आयकलंस?"

असं म्हणून आमचे डॉक्टर स्टेअरिंगवरचा एक हात उचलायचे, बोट वर धरायचे आणि मान तिरकी करून कान लावायचे. शेजारच्या सीटवर मी दरवाजा घट्ट धरून बसलेला. गाडी घाटात, बाजूला दरी. मला ऐकू यायची ती माझ्याच काळजाची धडधड. ते बोट लवकर खाली यावं आणि हात पुन्हा स्टेअरिंगवर जावा, एवढीच माझी मागणी असायची.

कुणकेश्वरच्या अलीकडे त्यांचा दवाखाना होता आणि मी तिथे कंपाउंडर होतो. तुमच्याही गावात असा एखादा डॉक्टर असेल, औषधापेक्षा बोलण्यानं बरं करणारा. आमचे डॉक्टर बोलण्यानं बरं करायचेच, पण ते बोलणं फिरून फिरून पेट्रोलवर यायचं. आता गळवाच्या पेशंटला पेट्रोलशी काय देणंघेणं? पण डॉक्टर गळू कापता कापता विचारायचे, "ऑक्टेन म्हणजे काय, म्हायत आसा?" पेशंट बिचारा दात आवळून "होय म्हाराजा" म्हणायचा.

गाडी आली तीच अचानक. गोवा मोकळा झाला त्यानंतर कधीतरी डॉक्टर पणजीला एका लग्नाला गेले. तिथला कोणी फिरंगी व्यापारी चंबूगबाळं आवरून पोर्तुगालला परत निघाला होता. डॉक्टर लग्नात आहेर देऊन आले आणि येताना त्याची गाडी घेऊन आले. लाल, बुटकी, दोनच सीटांची, वर कापडी टप. शर्यतीत पळवतात त्या जातीची. आमच्या रस्त्यांवर तिच्याआधी बैलगाडी आणि एसटी सोडून फारसं काही धावलं नव्हतं. बंदरावरचा एक म्हातारा गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, "डॉक्टरांनू, ही दिस भरूच्या आदीच इली काय?"

वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, नारळ घेऊन बाहेर आल्या. नव्या गाडीपुढे नारळ फोडायचा, यात विचारण्यासारखं काय होतं? पण डॉक्टर आडवे आले. "अगो, रंग जाताला. आणि असल्या गोष्टींनी गाडी चलणा नाय, पेट्रोलान चलता." वहिनींनी नारळ पदराखाली घेतला आणि आत गेल्या. त्यांचा स्वभाव वाद घालण्याचा नव्हता. डॉक्टरांना वाटलं, विषय संपला.

पेट्रोल हा त्यांच्या लेखी पथ्याचा विषय होता. "पोटाक सोसात ताच घालूचा," हे वाक्य ते मधुमेहाच्या रोग्याला सांगायचे आणि गाडीलाही तेच लावायचे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा संयम, असा त्यांचा अर्थ. इंजिनात पेट्रोल दाबलं जातं. संयमाचं पेट्रोल दाब सोसून ठिणगीची वाट बघतं. हलकं पेट्रोल वेळेआधीच भडकतं, मग इंजिन आतून ठोके देतं, आणि ठोके फार झाले की पिस्टनला भोक पडतं. "म्हणजे गाडी मेली. हिचो पिस्टन आता मिळतलो खंय? लिस्बनाक?"

आणि गाडी ठोके देत होती. सपाटीला नाही. देवगडला जा, मालवणला जा, एक ठोका नाही. पण वैभववाडी मागे टाकून कोल्हापूरच्या वाटेनं घाट चढायला लागलं की एखाद्या वळणावर टक्. पुढच्या वळणावर पुन्हा टक्. डॉक्टरांनी मागवलेल्या इंग्रजी पुस्तकात छापलेलंच होतं की हलक्या पेट्रोलचा ठोका चढावर येतो. निदान पक्कं झालं. घाट उतरतानाही तो ऐकू यायचा, हे मी एकदा भीत भीत सुचवलं. "तो चढाचो शीण," डॉक्टर म्हणाले. निदान एकदा झालं की लक्षणांनी त्याच्यात बसायचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

मग उपचार सुरू झाले. तळेऱ्याच्या नाक्यावर साधं पेट्रोल मिळायचं. भारी पेट्रोल कोल्हापूरहून एक ओळखीचा ट्रकवाला डब्यातून आणून द्यायचा. डॉक्टर दोन्हींचं मिश्रण करायचे, म्हणजे मी करायचो. औषधाच्या बाटलीवर डोस कळावेत म्हणून आम्ही खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवत असू. तशीच पट्टी पेट्रोलच्या बरणीवर आली. भारी दोन खाचा, साधं चार. घाटात टक्. भारी चार, साधं दोन. टक्. नुसतं भारी. तरी टक्. कोणीतरी सांगितलं, डांबरगोळ्या टाकल्या की ऑक्टेन वाढतं. वहिनींच्या ट्रंकेतल्या सगळ्या गोळ्या टाकीत गेल्या. गाडीला महिनाभर कपाटासारखा वास येत राहिला, वहिनींच्या शालूला कसर लागली, आणि घाटात टक्.

शेवटी डॉक्टरांनी गाडीला विश्रांती द्यायचं ठरवलं. घाटाच्या मध्यावर एक जांभळीचं झाड होतं. तिथे थांबायचं, बॉनेट उघडायचं, इंजिन निववायचं. स्टेथोस्कोप लावून ते इंजिन तपासायचे आणि मी झाडाखाली बसून सुटकेचा श्वास घ्यायचो. घाटावरून परत आलो की दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या हातावर देवळातल्या प्रसादाचं खोबरं ठेवायच्या. मी ते खाऊन टाकायचो. कशाचा प्रसाद, हे विचारायची बुद्धी मला कधी झाली नाही.

एका उन्हाळ्यात, चिंचा फोडायचे दिवस होते, बंदराकडची एक बाई पोरीला उराशी धरून धावत आली. पोर चारेक वर्षांची. चिंचोका तोंडात घालून खेळत होती, तो श्वासाबरोबर आत गेला. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि मध्येच ओठ निळे पडत होते. डॉक्टरांनी पाठीवर कान लावला, दोन्ही बाजूंनी ऐकलं आणि उठले.

"चिंचोको आत अडाकलो हा. हंय निघूचो नाय. कोल्हापूर."

आई म्हणाली, "मी येतंय."

"सीट एकच आसा गो. चेडू धरूचा कसा, ता ह्याका म्हायत आसा. तू मागसून एस्टीन ये." तिनं पोर माझ्या हातात दिली. तिचे हात सुटता सुटत नव्हते.

पोर तशीच उभी धरून मी मागच्या पडवीत भारी पेट्रोलचा डबा बघायला गेलो. डबा रिकामा होता. ट्रकवाला आठवडाभर फिरकलाच नव्हता. टाकीत होतं ते तळेऱ्याचं साधं. मी येऊन सांगितलं तेव्हा डॉक्टर क्षणभर गाडीकडे बघत राहिले, मग आत बसले.

त्या दिवशी ती गाडी कशासाठी बनवली होती ते मला कळलं. तळेरं कधी गेलं, वैभववाडी कधी आली, पत्ता नाही. मी पोरीला उभी धरून तिच्या तोंडाकडे बघत होतो. घाट लागला. पहिल्याच मोठ्या वळणावर टक्.

मी डॉक्टरांच्या बोटाकडे बघितलं. बोट वर झालं नाही.

"वाजता, डॉक्टरांनू."

"वाजू दे."

पुढच्या वळणावर तर जोरात वाजलं. जांभळीचं झाड समोर आलं. इथे थांबलं नाही तर पिस्टन जाणार, हे त्यांनीच मला शंभरदा समजावलं होतं. आणि पिस्टन गेला तर ही पोर घेऊन आम्ही भर घाटात अडकणार, हेही दोघांना कळत होतं. पोरीचे ओठ पुन्हा निळे पडले. जांभळ मागे गेली.

"थांबलो तर इंजिन वाचात, चेडू नाय," डॉक्टर म्हणाले. "फुटला तर फुटला. मगे उचलून चलत जावया."

इंजिन फुटलं नाही. घाटमाथा आला, कोल्हापूर आलं. दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात आम्ही दोघं बाकावर बसलो. आत मोठे डॉक्टर नळी घालून चिंचोका काढत होते. आमच्या डॉक्टरांना पेट्रोलची आठवणसुद्धा नव्हती. मी मनातल्या मनात कुणकेश्वराला हाका मारत होतो. आणि मग दाराआडून एकदम रडण्याचा आवाज आला. मोकळा, भरल्या छातीचा, दणदणीत.

डॉक्टरांचं बोट वर गेलं.

"श्श. आयकलंस?"

ऐकलं. तसा सुरेल आवाज मी आजवर दुसरा ऐकलेला नाही. डॉक्टरांनी खुशाल माझ्या सदऱ्याला चष्मा पुसला.

सकाळी पोरीची आई येऊन पोचली. तिच्या हाती पोर दिली आणि आम्ही गाडीकडे आलो. गाडी दुसऱ्या गाडीच्या वाटेत होती म्हणून जरा मागे ढकलली. टक्.

डॉक्टर जागच्या जागी थिजले. "इंजिन चालू आसा?"

"चावी तुमच्या हातात आसा, डॉक्टरांनू."

पुढे ढकलली. टक्. आवाज पुढून नाही, मागून येत होता. त्या गाडीची डिकी एवढीशी. डॉक्टरांची बॅग सीटमागे असायची, स्टेपनी बाहेर बांधलेली, त्यामुळे डिकी उघडायची वेळच कधी आली नव्हती. ती उघडली. आत नारळ होता, शेंडीसकट, वर कुंकवाचं बोट ओढलेलं.

कुंकू दिसलं आणि सगळं उमगलं. आम्ही घाटाकडे निघणार असलो की, अगदी कालच्या धांदलीतही, वहिनी गुपचूप तो डिकीत ठेवायच्या आणि परतल्यावर काढून देवळात फोडायच्या. सपाटीला नारळ नाही, म्हणून ठोका नाही. घाटापर्यंतच्या कच्च्या रस्त्यावर सगळी गाडीच खडखडायची, त्यात नारळाचं कोणाला कळणार? घाटात गाडी हळू झाली, वळली, की तो घरंगळून पत्र्यावर आपटायचा. आणि मी त्याचंच खोबरं खाऊन वर ऑक्टेन मोजत होतो.

डॉक्टर दगडावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग उठून नारळ हातात घेतला. "म्हणजे दरवेळी बायल माझ्या सोबतीन घाट चढी," ते म्हणाले. मग खांद्यावरचा पंचा काढून नारळाभोवती गुंडाळला आणि डिकीच्या कोपऱ्यात घट्ट बसवला. "हिका सांगा नको."

परत येताना घाटात काही वाजलं नाही. घरी त्यांनी गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढलं. ह्या इंजिनाला साधं पेट्रोल पुरे, असं पहिल्या पानांतच लिहिलेलं होतं. ते त्यांनी पूर्वीही वाचलं होतं, पण एवढ्या देखण्या गाडीला साधं कसं पुरेल, असं वाटून सोडून दिलं होतं. "साधाच सोसता हिका," ते म्हणाले आणि ट्रकवाल्याचा डबा बंद झाला.

वहिनींना नारळ पंचात सापडला असणारच. त्यांनी पंचा धुऊन, घडी करून कपाटात ठेवला. पुढच्या वेळी घाटावर जाताना मी आणि डॉक्टरांनी हळूच डिकी उघडून बघितली. नारळ त्याच पंचात नीट गुंडाळून ठेवलेला होता. या विषयावर नवराबायकोत कधी एक शब्दही झाला नाही. डॉक्टरांच्या भाषेत सांगायचं तर दोघांचंही ऑक्टेन भारी होतं.

काही पावसाळ्यांनी डॉक्टर झोपेतच गेले. गाडी वर्षभर शेडमध्ये उभी राहिली आणि मग कोल्हापूरच्या एका हौशी तरुणानं घेतली. न्यायला आला त्या दिवशी त्यानं मलाच विचारलं, "हिला पेट्रोल कुठलं लागतं हो? घाट चढायचाय."

डॉक्टर असते तर त्याला जेवायला ठेवून घेऊन सांगितलं असतं. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात वहिनी घरातून आल्या. हातात पंचात बांधलेला नारळ. या वेळी पदराखाली नव्हता. सगळ्यांदेखत त्यांनी डिकी उघडली, नारळ कोपऱ्यात दाबून बसवला, हलवून बघितला.

"पेट्रोल खंयचाय घाला," त्या म्हणाल्या. "नारळ तेवढो हालाक नको."

गाडी निघाली. मी वळणापर्यंत कान लावून उभा होतो. काही वाजलं नाही.